ज्या बदलासाठी तयार प्रार्थना नाही तो एलुलमध्ये कसा पाळायचा?

अबोली_ठाणे

शालोम मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.

एलुल लागला, आपल्या ज्यू नववर्षाच्या आधीचा महिना. यंदा रोश हाशाना, म्हणजे नवीन वर्ष, ११ सप्टेंबर २०२६ ला शुक्रवारी संध्याकाळी लागतोय, ५७८७ साल. दरवर्षी या महिन्यात घर आवरणं, सफरचंद-मध-डाळिंब, पाहुणे कोण येणार वगैरेमध्येच दिवस निघून जातात, पण या वर्षी मनात वेगळंच चाललंय.

आईला जाऊन आव महिन्यात, म्हणजे एलुलच्या आधीच्या महिन्यात, वर्ष झालं. तिच्यासाठी आपल्याकडे सगळं ठरलेलं होतं. आधी सात दिवस, मग तीस दिवस, मग भावाने अकरा महिने कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटला, मग वर्षाची प्रार्थना. प्रत्येक वेळी कुणीतरी हाताला धरून पुढच्या पायरीवर आणून सोडल्यासारखं झालं, रडलेही भरपूर, पण आज काय करायचं हा प्रश्न पडला नाही. त्याच वर्षात मी रिटायर झाले. इतक्या वर्षांची नोकरी, आणि शेवटच्या दिवशी केक, शाल, फोटो, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर काय संपलं आणि काय सुरू झालं तेच कळेना. त्यात मुलगी शिकायला बाहेर गेली, घरात आम्ही दोघंच.

अजून एक गोष्ट आहे. बरीच वर्षं मी शुक्रवारी सिनेगॉगमधले तेलाचे दिवे तयार करते. काचेचे ग्लास धुवायचे, पुसायचे, खाली पाणी वर तेल, वाती लावायच्या. आता गुडघे साथ देत नाहीत, हात वर करून तेवढा वेळ उभं राहता येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी सोपवायचं आहे पण धीर होत नाही, देवाला दिलेला शब्द मोडल्यासारखं वाटतं.

तर मला विचारायचंय की लग्न, सुंता, बार मित्स्वा (मुलाचं तेरावं वर्ष), मृत्यू यांच्यासाठी आपल्याकडे सगळं आहे, पण रिटायरमेंट, मुलं घराबाहेर जाणं, एखादी जबाबदारी खाली ठेवणं, असल्या बदलांसाठी नवीन वर्ष लागायच्या आधी परंपरेत धरून काही करता येतं का? नवंच काही बनवायची इच्छा नाही, पण नुसतं कॅलेंडर उलटायचंही नाहीये. तुम्ही कुणी काही केलं असेल तर प्लीज सांगा.

---

समुद्रवारा

अबोलीताई, आईच्या वर्षानंतरचा पहिला एलुल जड जातो हे मी माझ्या घरी बघितलंय. एकच सुचवते. एलुलपासून सण संपेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ स्तोत्र २७ वाचतात ना, ते या वेळी हळू वाचा. त्यात दहावी ओळ आहे, माझ्या आईबापांनी मला सोडलं तरी देव मला जवळ घेईल अशा अर्थाची. माझे वडील गेले त्या वर्षी त्या ओळीवर मी रोज थांबायचे, पुढे जाताच यायचं नाही. नंतर नंतर यायला लागलं. आणि रोश हाशानाच्या आधी कबरीवर जायचा रिवाज आहे, तो चुकवू नका, जाताना मुलीला व्हिडिओ कॉल करू नका, एकट्या किंवा भावाबरोबर जा.

---

लोदचा_दिनू

ताई, तुमच्या दिव्यांच्या प्रश्नाला आपल्याकडे चक्क नेमकं उत्तर आहे, आणि ते नव्या वर्षाच्या अगदी आधीच येतं. हतारात नेदारिम. नवस-शपथांतून मोकळं होणं. बहुतेक लोक रोश हाशानाच्या आदल्या सकाळी भराभर वाचून टाकतात आणि घरी पळतात, मला तर वाटतं आख्ख्या वर्षातला हा सगळ्यात दुर्लक्षित विधी आहे, आणि तुमच्यासारख्या माणसासाठी सगळ्यात कामाचा.

नियम असा आहे की एखादं चांगलं काम आपण तीन वेळा केलं, किंवा कायम करायच्या इराद्याने एकदाच सुरू केलं, आणि ‘ब्ली नेदेर’, म्हणजे हा नवस नाही, असं सुरुवातीला म्हटलं नाही, तर ते काम नवसासारखंच धरलं जातं. म्हणजे तुम्हाला जे वाटतंय की शब्द दिलाय, ते उगाच वाटत नाहीये. परंपरा पण तसंच मानते. म्हणून नुसतं ‘जाऊ दे, आता होत नाही’ म्हणून सोडायचं नाही, आणि गुडघे मोडेपर्यंत ओढतही राहायचं नाही. तीन जणांसमोर उभं राहायचं, ते तिघं त्या वेळेपुरते न्यायाधीश, रब्बी असायलाच पाहिजेत असं नाही, आणि त्यांना सांगायचं की मी हे इतकी वर्षं केलं, आता या कारणामुळे पुढे करू शकत नाही, मला मोकळं करा. ते तीन वेळा म्हणतात, तुला मोकळीक आहे, तुला मोकळीक आहे, तुला मोकळीक आहे.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते सांगतो. त्या मजकुरात माणूस असं म्हणत नाही की मी ते काम केलं याचा मला पस्तावा आहे. उलट स्पष्ट म्हणतो की केलेल्या चांगल्या कामाचा मला अजिबात पस्तावा नाही, पस्तावा एवढाच की मी ते नवस म्हणून अंगावर घेतलं. म्हणजे तुमचे एवढ्या वर्षांचे शुक्रवार जसेच्या तसे राहतात, त्यांना कुणी हात लावत नाही. फक्त पुढचे शुक्रवार मोकळे होतात. हे तिघांनी मोठ्याने म्हटलेलं कानाने ऐकणं आणि घरी बसून मनाशी ठरवणं यात खूप फरक आहे हो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्यातून सुटायचंय ती गोष्ट स्पष्ट सांगायची, मोघम नाही. आणि दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द यातून सुटत नाही, म्हणजे सिनेगॉगमध्ये कुणाला ‘किप्पूरपर्यंत (प्रायश्चित्ताच्या उपासापर्यंत) करते’ असं सांगितलं असेल तर ते त्या माणसाशीच बोलून मिटवायचं. बायकांच्या बाबतीत पद्धत घराघरात वेगळी असते, काही ठिकाणी नवरा बायकोच्या वतीने मागतो, काही जणी किप्पूरच्या रात्रीच्या कोल निद्रे प्रार्थनेवर सोडतात, काही स्वतः तिघांसमोर जातात. तुमच्या हजानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधी विचारून घ्या, पण मला विचाराल तर स्वतः जा.

---

एलियाजी_काका

दिनूने चांगलं सांगितलं. मी जुन्या पिढीचा माणूस, माझं एक सांगणं आहे, राग मानू नये.

आजकाल प्रत्येक गोष्टीसाठी नवीन बेराखा, म्हणजे आशीर्वचन, रचायची पद्धत निघाली आहे. ते करू नका. देवाचं नाव घेऊन जी बेराखा ठरलेली नाही ती म्हणणं म्हणजे नाव व्यर्थ घेणं, आणि गरजही नाही, कारण आहे त्यातच पुष्कळ आहे. आपलं लक्ष नसतं एवढंच.

आता बघा, बाईंच्या वर्षात दुःख पण आहे आणि सुटका पण आहे, दोन्ही एकात एक मिसळलेलं. तालमुदात, आपल्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, बेराखोत भागामध्ये विचारलंय, बाप मेला आणि मुलाला वारसा मिळाला तर त्याने काय म्हणायचं? उत्तर असं की दोन्ही म्हणायचं. आधी खऱ्या न्यायाधीशाची बेराखा, जी वाईट बातमीला म्हणतात, आणि मग चांगल्या गोष्टीची बेराखा, भावंडांबरोबर वारसा असेल तर हातोव वेहामेतिव, एकटाच वारस असेल तर शेहेखेयानू, जी चांगल्या नव्या गोष्टीला म्हणतात. एकाने दुसरी पुसली जात नाही. आमच्या वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी तरुण होतो, काही कळलं नव्हतं, पुढे आयुष्यात बऱ्याचदा उपयोगी पडलं.

आणि आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात मलिदा असताना दुसरीकडे कशाला बघायचं? लग्नाच्या आधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना, परगावी निघताना, सगळ्याला मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, बाजूने फळं, सब्जाची डहाळी नाहीतर गुलाब. आधी एलियाहू हानाबी, म्हणजे संदेष्टा एलियाचं गाणं, म्हणायचं, मग एकेक फळाची बेराखा, सुगंधाची बेराखा, सगळ्या जुन्या, तोराला धरून, नवीन एक शब्द नाही. आणि तरी तो मलिदा कशासाठी आहे हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, कारण घरचा माणूस सुरुवातीला उभा राहून सांगतो. हेच तुम्हाला पाहिजे ना? रिटायरमेंटचा मलिदा घाला. कुणी हसणार नाही. सुखरूप काम पूर्ण झालं याचे आभार मानण्यासारखी मोठी गोष्ट दुसरी कुठली?

आमची आजी किप्पूरला दारफळणीचा सण म्हणायची. दारं लावून बसायचं त्या दिवशी. दार लावायच्या आधी जे काय कुणाशी बाकी आहे ते मिटवून ये, असं ती सांगायची. एलुल त्याच्यासाठी आहे.

---

बर्फाळ_अंगण

काकांचा मान ठेवून थोडं वेगळं लिहिते. नवीन बेराखा नको हे पटतं, पण काही बदल असे असतात की ते चारचौघांत ताटाभोवती सांगता येत नाहीत. माझा घटस्फोट झाला तेव्हा मलिदा कोण घालणार होतं?

गेट, म्हणजे घटस्फोटाचं धार्मिक पत्र, कसा होतो ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सोफेर, म्हणजे धर्मलेखक, तिथेच बसून हाताने बारा ओळी लिहितो, साक्षीदार सह्या करतात, मग कागद घडी करून नवरा तुमच्या ओंजळीत टाकतो. हात मिटायचे, कागद काखेत धरायचा आणि काही पावलं चालायचं, की हा आता माझा. मग ते लोक कागद परत घेतात, त्याला काप देतात आणि कोर्टातच ठेवतात. माझ्या हातात काहीच राहिलं नाही. कायद्याने आणि हलाखाने (धर्मनियमाने) सगळं संपलं होतं पण मी मात्र कित्येक महिने त्या काही पावलांतच अडकले होते.

मी अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. इथे न्यूटनमध्ये मायिम हायिम नावाचा मिक्वे, म्हणजे धार्मिक बुडीचा हौद, आहे, २००४ मध्ये सुरू झाला. तिथे पाळीनंतरच्या आणि धर्मांतराच्या बुडीबरोबरच लोक केमो संपल्यावर येतात, गर्भ पडल्यावर येतात, घटस्फोटानंतर, रिटायर झाल्यावर, मुलं घरातून गेल्यावर पण येतात. मी एलुलमध्ये गेले. रोश हाशाना आणि किप्पूरच्या आधी मिक्वेत जाण्याचा रिवाज तर जुनाच आहे, त्यामुळे मला वेगळं काही करतेय असं वाटलं नाही.

आधी सगळं उतरवायचं, अंगठी, कानातलं, नेलपॉलिश, कॉन्टॅक्ट लेन्स, पाण्यात आणि अंगात काही म्हणजे काही येता कामा नये. मी आंघोळ करून नखं साफ करत बसले होते, बराच वेळ, एकेक बोट, आणि तेव्हाच खरं काय ते झालं असं मला आता वाटतं, कारण त्याआधी कितीतरी दिवस मी स्वतःच्या हाताकडे बघितलंच नव्हतं. अंगठीची पांढरी खूण अजून होती. मग पायऱ्या उतरून पाण्यात, पूर्ण बुडायचं, केससुद्धा वर राहता कामा नयेत. काका म्हणतात तसंच केलं, घटस्फोटाची वेगळी बेराखा नाही म्हटली. पहिल्या बुडीला गप्प, दुसऱ्या बुडीनंतर स्तोत्र २७ मधल्या पाठ होत्या त्या ओळी, आणि तिसऱ्यानंतर माझं मराठीत जे बोलायचं होतं ते बोलले. बाहेर मदतनीस बाई होती, तिला एक अक्षर कळलं नसेल, पण ती होती.

आणि हे काही फार नवीन नाही बरं का. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात साविना ट्युबल नावाच्या विदुषीने स्वतःच्या साठाव्या वर्षी सिम्हात होख्मा म्हणून समारंभ केला, वयाने आलेल्या शहाणपणाचा आनंद, त्यानंतर इकडे बऱ्याच बायका साठीला तसं करतात. पिर्के आवोतमध्ये, जुन्या गुरूंच्या वचनांच्या पुस्तकात, वयाची यादी आहेच, पाचव्या वर्षी तोरा, तेराव्या वर्षी मित्स्वा म्हणजे आज्ञा पाळणं, अठराव्या वर्षी लग्न, पन्नासाव्या वर्षी सल्ला देणं, साठाव्या वर्षी म्हातारपण. तेरा आणि अठराचं आपण धूमधडाक्यात करतो आणि पन्नास-साठ आले की गप्प बसतो, हे मला खटकतं. अबोलीताई, तुम्ही आता सल्ला देण्याच्या वयात आहात, दिवे पुसण्याच्या नाही, हे कुणीतरी उभं राहून म्हणायला पाहिजे.

---

एलियाजी_काका

मुली, तू केलंस ते बरोबर केलंस. समुद्रही मिक्वे म्हणून चालतो, इथल्या कुणाला मिक्वे जवळ नसेल तर. शालीनता आणि सुरक्षितता बघून.

---

नीट_बोलू

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एलुल म्हणजे माफी, आणि नोकरीचा शेवट म्हणजे ऑफिसमधली माणसं, ते कुणीच कसं नाही काढलं?

मिश्ना या जुन्या नियमग्रंथात योमाच्या आठव्या अध्यायात सरळ लिहिलंय की माणूस आणि देव यांच्यातलं किप्पूर मिटवतं, पण माणसामाणसातलं तोपर्यंत मिटत नाही जोपर्यंत समोरच्याला राजी करत नाही. रांबाम, म्हणजे मध्ययुगातले धर्मपंडित मायमोनिडीस, पुढे सांगतो की त्याने ऐकलं नाही तर तीन मित्रांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, त्यानंतर मात्र माफ न करणाऱ्यावर दोष. आणि ती व्यक्ती हयात नसेल तर दहा जणांना घेऊन कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं. म्हणजे उशीर झाला म्हणून दार बंद, असं तिथेही नाही.

मला मनापासून वाईट वाटतं ते दर एलुलला येणाऱ्या व्हॉट्सॲप मेसेजचं. ‘कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ करा’, शंभर जणांना फॉरवर्ड. हे राजी करणं नाही हो. ज्याला खरंच दुखावलंय त्याला तो मेसेज आला तर उलट जखम ताजी होते. त्यापेक्षा दोन माणसं निवडा आणि फोन करा. नोकरी सोडलेल्या माणसाला याचा वेगळाच फायदा आहे, आता तुम्ही कुणाच्या वर नाही आणि कुणाच्या खाली नाही, प्रमोशनचा प्रश्न नाही, त्यामुळे खुर्चीवर असताना जे बोलणं अशक्य होतं ते आता बोलता येतं. माझ्या सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर पहिल्या एलुलमध्ये एका शिपायाच्या घरी जाऊन चहा घेतला होता. काय बोलले ते त्यांनी घरी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, पण त्या वर्षी किप्पूरला नेइलाच्या, म्हणजे दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळी ते शेवटपर्यंत उभे होते, एरवी बसायचे.

आणि माफी मागण्याइतकंच आभार मानणं पण राहून गेलेलं असतं. ते पण याच महिन्यात करून टाका.

---

अबोली_ठाणे

सगळ्यांना किती थँक्यू म्हणू. काल रात्री नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, तोही बराच वेळ गप्प होता.

दिनूदादा, ते ‘केल्याचा पस्तावा नाही’ वाचून मी थांबलेच. मला हेच नको होतं की सोडते म्हणजे नको झालं असं कुणाला वाटावं. मी तिघांसमोर जाणार. आमच्या शेजारची एक मुलगी आहे, तिला दिव्यांचं आवडतं, दोन-तीनदा बरोबर आलीय, तिला विचारते. हातात वाती देताना तिला पहिलंच वाक्य शिकवीन, ब्ली नेदेर म्हण म्हणून.

काका, मलिद्याचं ठरलं. आईचा आणि नोकरीचा एकत्र चालेल का हा प्रश्न होता पण तुम्ही ते दोन बेराखांचं सांगितलंत त्यातच उत्तर आलं. बर्फाळ_अंगण, तुझं वाचताना डोळे भरून आले गं. मिक्वेचं मी अजून विचार करतेय.

आता एक प्रॅक्टिकल शंका. रोश हाशानाचा आदला दिवस यंदा शुक्रवार आहे. त्या सकाळी हतारात नेदारिम, मग स्वयंपाक, मग शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सण एकत्र. जमेल का? आणि यंदा शोफार, म्हणजे सणाचं शिंग, कधी वाजणार, पहिला दिवस शब्बाथला येतोय ना?

---

लोदचा_दिनू

शब्बाथला शोफार वाजत नाही, त्यामुळे यंदा फक्त दुसऱ्या दिवशी, रविवारी १३ तारखेला. पाण्यापाशी जाऊन ताश्लिख, म्हणजे पापं पाण्यात टाकण्याचा विधी, करणारेही बहुतेक जण यंदा रविवारीच करतील. मुलीला सांगून ठेवा, ती जिथे असेल तिथल्या सिनेगॉगमध्ये रविवार चुकवू नको म्हणावं.

आणि एक बघा, शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचा किद्दुश (सणाच्या स्वागताची द्राक्षारसावरची प्रार्थना) करताना शब्बाथची हवदाला (शब्बाथ संपल्याची प्रार्थना) त्याच प्याल्यावर होते. द्राक्षारस, किद्दुश, दिवा, हवदाला, आणि शेवटी शेहेखेयानू, या क्रमाने. एरवी हवदाला वेगळी आणि सणाचं स्वागत वेगळं असतं, यंदा दोन्ही एका दमात. दुसऱ्या रात्रीच्या शेहेखेयानूसाठी नवीन फळ नाहीतर नवा कपडा समोर ठेवतात. तुम्हाला रिटायरमेंटची शाल मिळालीय म्हणालात, अजून अंगावर घेतली नसेल तर ती त्या रात्री पहिल्यांदा घ्या, चांगल्या नव्या कपड्याला शेहेखेयानू असतेच, वेगळं काही करायची गरज नाही.

शुक्रवारचं म्हणाल तर सकाळी गर्दी असते आणि तिघंही घाईत असतात. हतारात नेदारिम त्याच दिवशी व्हायला पाहिजे असं बंधन नाही, आधी कधीही चालतं. आपल्याकडे एलुलभर पहाटे सेलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, असतात, त्यानंतर माणसं जागेवरच असतात, त्या आठवड्यात मंगळवार-बुधवार बघून हजानांना आधीच सांगून ठेवा. गुडघ्यांचं सांगा म्हणजे तुम्हाला खुर्ची देतील, मागणाऱ्याने उभं राहायची पद्धत असली तरी न जमणाऱ्याने बसून मागितलं तर चालतं.

---

अबोली_ठाणे

शाल अजून पिशवीतच आहे, घडी मोडली नाही. बुधवारचं विचारते हजानांना. मलिदा त्याआधीच्या रविवारी, ६ तारखेला संध्याकाळी. ठाण्यात असाल ते या, काका तुम्ही तर यायचंच, एलियाहू हानाबी तुम्हीच म्हणायचं.